कठीण पोलादाच्या सुरीला धार लावण्याची पद्धत कशी निवडावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या मराठी घरांत भाजी चिरण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या विळीवर होत आले आणि विळीला धार लावण्याचे काम लोहाराने किंवा दारावर येणाऱ्या धारवाल्याने केले. ते पोलाद मऊ असल्याने धार लवकर उतरत असे आणि तितक्याच लवकर परतही येत असे, त्यामुळे पद्धत निवडण्याचा प्रश्न कोणाला पडला नाही. आता मात्र दोन वेगवेगळ्या वाटांनी कठीण पोलादाच्या सुऱ्या आपल्या स्वयंपाकघरांत आल्या आहेत. पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशात नोकरी करणारी मुले जपानी सुऱ्या भेट म्हणून आणतात. आणि उद्यमबाग, मच्छे या औद्योगिक वसाहतींतले कारागीर यंत्रावरच्या करवतीची जुनी हायस्पीड पोलादाची (यंत्रावर वेगाने धातू कापणाऱ्या हत्यारांच्या कठीण पोलादाची) पाती घासून त्यांच्या सुऱ्या बनवतात. दोन्ही सुऱ्यांबद्दल काही महिन्यांनी एकच तक्रार ऐकू येते, ती म्हणजे हिला धारच लागत नाही. माझे आयुष्य टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याच्या हत्यारे घडवण्याच्या विभागात, कटर, रीमर आणि ड्रिल घासण्यात गेले असल्याने अशा सुऱ्या शेजारपाजारचे लोक माझ्याकडे घेऊन येतात, आणि त्यांतल्या बहुतेक सुऱ्यांचे पोलाद निर्दोष असते. चूक झालेली असते ती दगड निवडताना, नाहीतर धार लावून झाल्यावर उरलेली बर, म्हणजे धातूची बारीक काठ, न काढल्यामुळे.

सुरी खरोखर कठीण आहे का

पोलादाची कठीणता रॉकवेल सी या मापाने सांगितली जाते. बाजारात मिळणारी साधी स्टेनलेस सुरी साधारण ५२ ते ५६ अंकांची असते, जर्मन धाटणीच्या सुऱ्या ५६ ते ५८ च्या आसपास असतात, जपानी व्हीजी-१० पोलादाची सुरी ६० किंवा ६१ ची, आणि हायस्पीड पोलाद नीट पाणी दिलेले असेल तर ६२ ते ६५ पर्यंत जाते. या लेखातला विचार ६० आणि त्यापुढच्या सुऱ्यांसाठी आहे.

सुरीवर अंक लिहिलेला नसेल तर एक बारीक कानस घ्यावी. चांगली कानस साधारण ६४-६५ ची असते. ती मऊ पोलादात दात रोवते आणि हाताला पकड जाणवते. कठीण पोलादावर ती काचेवरून सरकल्यासारखी घसरते. हा स्पर्श अगदी हलका असावा आणि तो मुठीजवळच्या, सहसा वापरात न येणाऱ्या धारेवरच करावा. पाठीवर किंवा पात्याच्या अंगावर केलेली परीक्षा फसवी ठरते, कारण पुष्कळ जपानी सुऱ्यांत कठीण पोलादाचा पातळ गाभा मऊ पोलादाच्या दोन थरांमध्ये बसवलेला असतो आणि तो फक्त धारेपाशी उघडा पडतो.

करवतीच्या पात्यापासून बनवलेल्या सुरीत याच्या उलट फसगत होते. जुनी जाड पाती आरपार हायस्पीड पोलादाची असत. बायमेटल पात्यात मात्र फक्त दातांची कडा हायस्पीड पोलादाची असते आणि बाकीचे पाते स्प्रिंगसारखे लवचिक, बरेच मऊ असते. कारागिराने दात घासून काढून टाकले की सुरीत उरते ते मऊ पोलाद. अशी सुरी ‘हायस्पीडची’ म्हणून विकत घेतलेल्या माणसाला धार का टिकत नाही याचे कोडे पडते, आणि त्याचे उत्तर एका कानशीत मिळते.

कोणता दगड कोणत्या पोलादाला पुरतो

धार लावणे म्हणजे एका पदार्थाने दुसरा खरडणे, म्हणून खरडणारा कण खरडल्या जाणाऱ्या पदार्थापेक्षा कठीण असलाच पाहिजे. येथे रॉकवेलचे माप पुरत नाही; दगड आणि पोलाद एकाच पट्टीवर मोजायचे तर विकर्सचे माप घ्यावे लागते. त्या मापाने ६० रॉकवेलचे पोलाद सुमारे ७०० भरते आणि ६४ चे सुमारे ८००. पण पोलाद म्हणजे एकजिनसी लगदा नव्हे. त्यात कार्बाईडचे, म्हणजे कार्बन आणि धातू यांच्या संयुगाचे, सूक्ष्म कण विखुरलेले असतात आणि ते आजूबाजूच्या पोलादापेक्षा कितीतरी कठीण असतात: क्रोमियमचे कार्बाईड साधारण १५०० ते १८००, तर व्हॅनेडियमचे २८०० च्या घरात. सुरी जास्त दिवस धार धरते ती या कणांमुळे, आणि दगडाला दाद देत नाही तीही यांच्याचमुळे.

आपल्या भागातले दगड या पट्टीवर ठेवून पाहिले की जुन्या सवयी कुठे लागू पडतात आणि कुठे पडत नाहीत हे स्पष्ट होते. पाटा-वरवंट्याचा काळा दगड म्हणजे बसाल्ट. त्यातली खनिजे कठीण सुरीच्या पोलादाच्या जवळपास त्याच कठीणतेची असतात, म्हणून पाट्याच्या कडेवर विळी परजली जाते पण जपानी सुरी केवळ गुळगुळीत होते. शहाबादी फरशी चुनखडीची असल्याने ती तर फारच मऊ पडते. गोकाकच्या धबधब्याचा कडा ज्या वालुकाश्माचा आहे, त्या जातीच्या दगडात गारगोटीचे म्हणजे क्वार्ट्‌झचे कण असतात. क्वार्ट्‌झ सुमारे ११०० भरते, त्यामुळे असा दगड कठीण पोलाद हळूहळू घासू शकतो, परंतु त्यातल्या कार्बाईडला हात लावू शकत नाही. कण पोलादातून उपटून निघतात आणि धार सूक्ष्म दातेरी राहते. चिनी मातीच्या बशीच्या बुडाची झिलई नसलेली कडासुद्धा याच पातळीचे काम करते; अडचणीच्या वेळी टोमॅटोपुरती धार तिच्यावर जरूर मिळते.

कृत्रिम दगडांपासून पुढे चित्र पालटते. ॲल्युमिनियम ऑक्साईड सुमारे २००० भरते आणि बहुतेक जपानी पाण्याचे दगड (पाणी लावून वापरायचे धारेचे दगड) त्याचेच असतात. सिलिकॉन कार्बाईड सुमारे २५०० भरते; हार्डवेअरच्या दुकानातला करडा, दोन बाजूंचा ‘कार्बोरंडम’ दगड तो हाच. (एडवर्ड ॲचेसन यांना १८९१ मध्ये कृत्रिम हिरे बनवण्याच्या खटाटोपात हा पदार्थ सापडला, हिरा झाला नाही, पण जगभरच्या कारखान्यांची सोय झाली.) आणि हिरा ७००० च्याही पुढे जातो, म्हणजे पोलादातले कोणतेही कार्बाईड त्याच्यापुढे टिकत नाही.

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो. व्हीजी-१० किंवा साध्या कार्बन पोलादाच्या जपानी सुरीला ॲल्युमिनियम ऑक्साईडचा पाण्याचा दगड पूर्णपणे पुरतो, कारण तिच्यात मुख्यत्वे क्रोमियमचे किंवा लोखंडाचेच कार्बाईड असतात. हायस्पीड पोलादाच्या प्रचलित एम-२ जातीत मात्र साधारण ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम आणि २ टक्के व्हॅनेडियम असते, त्यामुळे तिच्यासाठी सिलिकॉन कार्बाईड किंवा त्याहून बरे म्हणजे हिऱ्याची पट्टी (हिऱ्याचे बारीक कण बसवलेली पट्टी) घ्यावी. उद्यमबागेतल्या सुरीवर साध्या दगडाने तासभर घाम गाळून थकलेली माणसे मी पाहिली आहेत; हिऱ्याच्या पट्टीवर तेच काम दहा-पंधरा मिनिटांत होते.

उष्णता, म्हणजेच धारवाल्याकडे सुरी द्यावी की नाही

पाणी दिलेले पोलाद पुन्हा तापले की मऊ पडते. किती तापल्यावर, हे पोलादाच्या जातीवर अवलंबून असते. कार्बन पोलादाच्या आणि बहुतेक स्टेनलेस सुऱ्या साधारण १५० ते २०० अंश सेल्सिअसला टेंपर केलेल्या, म्हणजे पाणी दिल्यावर ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा बेताने तापवलेल्या असतात, म्हणून त्यापुढे तापमान गेले की कठीणता उतरू लागते; धारेवर निळी झाक दिसली तर तापमान ३०० अंशांच्या आसपास पोचले होते असे समजावे. हायस्पीड पोलाद ५५० अंशांच्या सुमारास टेंपर केलेले असते आणि लालसर तापेपर्यंत कठीणता सोडत नाही; ते लेथवर चालते ते याच गुणामुळे.

वर्कशॉपमधला साधा बेंच ग्राइंडर मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेतो. पाते हाताला कोमट लागते तेव्हाही केसापेक्षा पातळ असलेली धार त्याच क्षणी जळून गेलेली असू शकते, कारण तिच्यात उष्णता वाहून नेण्याइतका धातूच नसतो. ही चूक मी स्वतः केलेली आहे. हायस्पीड कटर घासण्याची सवय असलेल्या हाताने मी एकदा घरातली कार्बन पोलादाची सुरी चाकावर धरली, धारेवर निळी रेघ उमटली, ती मी पॉलिश करून घालवली आणि काम झाले असे मानले. रंग गेला होता, मऊपणा राहिला होता. पुढे ती सुरी दोन कांद्यांत बोथट होऊ लागली आणि जळलेला भाग दगडावर पूर्ण झिजवून काढेपर्यंत तशीच राहिली.

सायकलवरच्या धारवाल्याचे चाक इतके वेगवान नसते, पण ते कोरडे आणि भरड असते, ठिणग्या उडतात आणि कोन अंदाजानेच धरला जातो. विळी, कोयता, खुरपे, कात्री यांच्यासाठी तो माणूस उत्तम आहे. साठ अंकांच्या पुढची पातळ सुरी त्याच्याकडे देऊ नये, कारण तो जो कोन लावील तो विळीचा असेल.

धारेचे मोठे टवके उडाले असतील किंवा अणी मोडली असेल तर टूल अँड कटर ग्राइंडर असलेल्या टूलरूमची मदत घेण्यास हरकत नाही. मात्र काम पाण्याखाली होते का आणि चाक कोणते आहे हे आधी विचारावे. पोलादासाठी तेथे सीबीएनचे (क्यूबिक बोरॉन नायट्राइड या अतिशय कठीण कृत्रिम पदार्थाचे) चाक असले तर चांगले. हिऱ्याचे चाक यंत्राच्या वेगात पोलादावर लवकर झिजते, कारण त्या उष्णतेत हिऱ्यातला कार्बन लोखंडाशी संयोग पावतो. हाताने चालवायच्या हिऱ्याच्या पट्टीला ही भीती नाही, कारण तेथे उष्णताच निर्माण होत नाही.

बाजारातली साधने

ज्या साधनाच्या फटीतून सुरी ओढायची असते, त्यात बहुधा टंगस्टन कार्बाईडच्या दोन पट्ट्या असतात आणि त्या धार घासण्याऐवजी ओरबाडतात. मऊ सुरी हे सहन करते. कठीण सुरीच्या धारेचे बारीक टवके उडतात. मटणाच्या दुकानात दिसते तशी पोलादी कांडीही कठीण सुरीसाठी नाही, कारण तिचे काम वळलेली धार सरळ करण्याचे असते, आणि कठीण धार वळत नाही, तुटते. गुळगुळीत सिरॅमिकची कांडी हलक्या हाताने वापरली तर दोन धारांमधले दिवस निभावता येतात, एवढाच तिचा उपयोग.

कोन धरून ठेवणारे शिकंजे मिळतात आणि ज्यांचा हात थरथरतो किंवा ज्यांना शिकायला वेळ नाही त्यांच्यासाठी ते वाईट नाहीत. त्यांच्याबरोबर येणारा दगड हिऱ्याचा आहे का तेवढे पाहावे.

उरतात दोन खरे पर्याय. पाण्याचा दगड धारेला सुंदर आणि एकसारखी झिलई देतो, हाताला स्पर्श कळवतो, पण स्वतः झिजतो आणि मध्ये खोलगट होतो. खोलगट दगडावर कोन टिकत नाही, म्हणून त्यावर पेन्सिलीने चौकटी आखून, सपाट टाइलवर अंथरलेल्या ओल्या वॉटर पेपरवर चौकटी पुसल्या जाईपर्यंत तो वेळोवेळी घासावा लागतो. काही दगड दहा-पंधरा मिनिटे भिजवावे लागतात, तर काहींवर केवळ पाणी शिंपडायचे असते आणि ते भिजत ठेवले तर खराब होतात, हे विकत घेतानाच विचारून घ्यावे. हिऱ्याची पट्टी सपाटच राहते, पाण्याच्या चार थेंबांवर काम करते आणि कोणत्याही पोलादाला चालते. तिचा दोष एवढाच की तिच्यावर जोर दिला तर हिऱ्याचे कण उपटून निघतात आणि पट्टी निकामी होते. नवी पट्टी सुरुवातीला तिच्यावर लिहिलेल्या नंबरापेक्षा (नंबर जितका मोठा तितके कण बारीक) भरड वागते, त्यामुळे पहिल्या दोन-तीन वेळा जुनी सुरी घासून ती मवाळ करून घ्यावी.

एकच वस्तू घ्यायची असेल तर माझे मत ४०० आणि १००० नंबरच्या दुतर्फा हिऱ्याच्या पट्टीला आहे. घरात जपानी सुरी असेल आणि तिची हौस असेल, तर त्या पट्टीला ३००० नंबरच्या आसपासच्या पाण्याच्या दगडाची जोड द्यावी. हार्डवेअरच्या दुकानातला कार्बोरंडम दगड स्वस्त आहे आणि हायस्पीडच्या सुरीचे खांडे काढायला उपयोगी आहे, पण त्याची बारीक समजली जाणारी बाजूदेखील शेवटच्या धारेसाठी भरडच ठरते.

या सगळ्यांच्या जोडीला चामड्याची पट्टी हवीच, आणि ती आपल्याकडे इतकी सहज मिळते की बाहेरून मागवणे म्हणजे गंमतच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्ह्याचाही समावेश आहे. अथणी आणि निपाणीकडचे कारागीर वापरतात ते झाडांच्या सालींनी कमावलेले ताठ चामडे धार पुसण्यासाठी अगदी योग्य असते. हातभर लांब तुकडा लाकडाच्या फळीला चिकटवावा. त्यावर जपानी सुरीसाठी बफिंगवाल्यांकडची हिरवी पॉलिशची वडी घासावी. हायस्पीडच्या सुरीसाठी मात्र डाय पॉलिश करणारे वापरतात ती एक ते तीन मायक्रॉनची डायमंड पेस्ट अधिक परिणामकारक ठरते.

प्रत्यक्ष धार लावताना

दगड ओल्या फडक्यावर ठेवावा म्हणजे तो सरकत नाही. कोन ठरवण्यासाठी कोनमापकाची गरज नाही. पात्याची पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी मोजावी आणि पाठीचा मध्य दगडापासून त्या रुंदीच्या चौथ्या हिश्श्याइतका वर धरावा. असे केले की कोन जवळजवळ १५ अंशांचा होतो. पाते ४४ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ ११ मिलिमीटर वर येईल. रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी उचलली तर कोन सुमारे २० अंशांचा होतो. जपानी सुरीला पहिला कोन योग्य, करवतीच्या पात्याच्या सुरीला दुसरा, कारण ते पोलाद कठीण असले तरी ठिसूळ असते आणि पातळ धार धरून ठेवत नाही. ज्या जपानी सुरीला एकाच बाजूने उतार असतो तिला हा हिशेब लागू नाही. तिचा उतार दगडावर पूर्ण टेकवून घासावा आणि सपाट बाजू फक्त बर काढण्यापुरती टेकवावी.

धारेच्या उतारावर मार्करने काळी रेघ ओढावी आणि दोन-चार हात फिरवून पाहावे. शाई फक्त वरच्या बाजूने पुसली गेली तर पाठ फार खाली धरली आहे, फक्त धारेच्या कडेशी पुसली गेली तर फार वर. ही युक्ती कळली की पुढचे निम्मे शिकणे संपते. जोर किती द्यावा हे समजण्यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बोटांनी दाबून पाहावे: पाण्याच्या दगडावर सुरुवातीला किलोभर पुरतो, हिऱ्याच्या पट्टीवर त्याच्या निम्मा, आणि शेवटच्या हातांना सुरीचे स्वतःचे वजनच पुरेसे असते.

एक बाजू घासत राहिले की दुसऱ्या बाजूला धातूची अतिशय बारीक काठ उभी राहते. वर्कशॉपमध्ये तिला बर म्हणतात. अंगठा धारेपासून बाहेरच्या दिशेने ओढला की ती बोटाला अडते. कापसाचा बोळा फिरवला तर तंतू अडकतात. मुठीपासून अणीपर्यंत सगळीकडे बर जाणवल्याशिवाय बाजू बदलू नये, कारण जेथे ती उठली नाही तेथे दगड धारेपर्यंत पोचलेलाच नाही. कठीण पोलादावर ती उशिरा उठते आणि फार बारीक असते, त्यामुळे घाईचा माणूस येथेच फसतो. दुसऱ्या बाजूलाही तसेच करावे.

आता खरे नाजूक काम. बर धारेला चिकटलेली असताना सुरी कागद सपासप कापते आणि माणूस समाधानाने उठतो. पहिल्या दोन भाज्यांत ती बर वळते किंवा तुटते आणि सुरी पूर्वीपेक्षा वाईट होते. ‘कालच धार लावली आणि आज गेली’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असते. म्हणून बारीक दगडावर, धार पुढे ठेवून, प्रत्येक बाजूला एकेक हलका हात आलटून पालटून फिरवावा, जोर कमी करत जावे, आणि प्रत्येक चार-पाच हातांनंतर कापसाने तपासावे. मग चामड्यावर पाठ पुढे ठेवून प्रत्येक बाजूला दहा-बारा वेळा पुसावे. धार दिव्याखाली डोळ्यांसमोर सरळ धरली असता तिच्यावर कुठेही चमकणारी रेघ दिसली तर तेथे धार नाही, कारण खरी धार प्रकाश परतवत नाही. पिकलेल्या टोमॅटोची साल सुरीच्या वजनानेच फाटली की काम झाले.

नारळ फोडणे, हाडे तोडणे, गोठलेले मटण कापणे ही कामे या सुऱ्यांकडून घेऊ नयेत, आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट चिरणे तर कोणत्याच सुरीला मानवत नाही. लाकडी पाट वापरावा. आपल्याकडचा पावसाळा लांबतो, विशेषतः खानापूरच्या बाजूला, आणि त्या दिवसांत कार्बन पोलादाची सुरी रात्रभर ओली राहिली तर सकाळी तांबते. हायस्पीड पोलादही स्टेनलेस नसल्याने त्यालाही हीच काळजी लागते. पुसून त्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवावा. शेंगतेल लावू नये, कारण ते कालांतराने चिकट होते. रोजच्या स्वयंपाकात चामड्यावर आठवड्यातून एकदा पुसले तर १००० नंबरच्या दगडाची गरज दोन-तीन महिन्यांतून एकदाच पडते, आणि ४०० नंबरची बाजू टवका उडेपर्यंत कोरडीच पडून राहते.